उपवासाला चालणारी गोळी

निवृत्त झाल्यावर आपण काही म्हणजे काही करायचं नाही, असा विष्णुपंत वाठारकरांचा ठाम निश्चय होता. पाटबंधारे खात्यात सगळी हयात त्यांनी कालव्यांच्या कागदांवर ‘पाहिले’ असं लिहून सही करण्यात घालवली होती आणि त्यातला एकही कालवा प्रत्यक्ष पाहिला नव्हता. आता कराडजवळच्या मलकापुरात दोन खोल्यांचं घर होतं, दारात जास्वंद होती, ओट्यावर आरामखुर्ची होती. पण माणूस नुसता बसलेला दिसला की देवाला ते बघवत नाही. विष्णुपंतांच्या वाट्याला त्यांचे थोरले बंधू आले.

थोरले बंधू म्हणजे सांगलीचे दादा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. त्या वर्षी चैत्रात त्यांना लकव्याचा हलका झटका आला. तोंड जरासं वाकडं झालं, उजवा हात बधिर झाला आणि आठवड्याभरात सगळं जागच्या जागी आलं. घरच्यांनी देवापुढे पेढे ठेवले. मग हळूहळू लक्षात आलं की तोंड जागेवर आलं तरी आतलं काहीतरी हललंय. दादा मंडईत जाऊन दुसऱ्याचीच पिशवी घेऊन परत येऊ लागले. जेवून उठले की ‘आज जेवायचं नाही का?’ विचारू लागले.

सांगलीच्या डॉक्टरांनी वहिनींना आणि विष्णुपंतांना समोर बसवून सांगितलं, “गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. पण असे बारीक झटके येत राहिले तर दर झटक्याला आणखी थोडं जाईल. रक्तदाब ताब्यात ठेवला तर पुढचा झटका टळायची आशा जास्त, आणि झटका टळला तर विसरण्यालाही बराच आळा बसतो. म्हणजे आता आहे ते राखायचं. रोज सकाळी ही एक गोळी. एकही दिवस चुकवायची नाही.”

श्रावणात वहिनींना लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जाणं भाग होतं. तेव्हा दादांना महिनाभर मलकापूरला ठेवायचं ठरलं आणि विष्णुपंत सगळ्यांदेखत म्हणाले, “रोज एक गोळी द्यायची ना? त्यात काय आहे?” हे वाक्य माणसाने आयुष्यात कुठल्याच बाबतीत उच्चारू नये, पण ते कळायला महिना जावा लागला.

पहिल्याच संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते. आतून पाणी घेऊन आलेल्या विष्णुपंतांच्या पत्नीला, पद्माताईंना, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “पद्मा, ते समोर बसलेले गृहस्थ कोण?”

समोर विष्णुपंतच बसले होते. क्षणभराने दादा हसले आणि “विष्णू होय, अंधारात ओळखलं नाही” म्हणाले. अंधार अजून पडलाच नव्हता. वडील गेले तेव्हा विष्णुपंत पाटी-पेन्सिलच्या वयाचे होते आणि त्यांना अक्षरापासून नोकरीपर्यंत सगळं या माणसाने लावून दिलं होतं. त्या माणसाच्या लेखी आपण ‘ते गृहस्थ’ व्हावं, ही कल्पना विष्णुपंतांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी ते पहाटेपासूनच गोळी हातात घेऊन बसले.

दादांनी गोळीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे. “आज सोमवार. उपवास.”

“दादा, हे औषध आहे.”

“गोळीला आकार कशाने येतो?” दादांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. “पिठाने. पीठ कशाचं? मक्याचं. उपवासाला मका चालतो का? नाही. म्हणून गोळी चालत नाही. हेच सिद्ध करायचं होतं.”

पुतण्यांची नावं पुसली गेली होती, पण सिद्धता शाबूत होती. आणि दादांचे उपवास तरी किती असावेत? सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थ्या आणि एकादश्या. त्यात महिना श्रावण, म्हणजे उरलेल्या वारांनाही कुणाची ना कुणाची पाळी होतीच. स्वतःचं जेवण झालं की नाही हे न आठवणारा माणूस उपवास मात्र एकही विसरत नव्हता. गोळी तेवढी शुक्रवारी जायची, तीही शालूबाईंनी एखादं नवं व्रत सांगून ठेवलं नसेल तर.

शालूबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीणबाई. त्यांना दुःख बघवत नसे, म्हणून त्या ते रोज बघायला येत. “आवं ताई, गोळीनं कुटं टकुरं सुदारतंय? बदाम द्या भिजवून. आन् ह्ये उपासाचं पापड घ्या. मीठ हाय, पर सैंधव हाय. त्यानं बीपी वाढत न्हाई.” सैंधव म्हणजे मीठ नव्हेच, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की डॉक्टरांनीही त्यांच्यापुढे वाद घातला नसता. दादा ते पापड आवडीने खात. त्यांना मक्यासारखं त्या पापडाचं काही सिद्ध करावंसं वाटलं नाही.

पलीकडच्या घरातले लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आळीतला एकमेव फोन होता आणि प्रत्येक प्रश्नावर फौजेतला एक उपाय होता.

“पंत, तुमी लय मऊ बोलताय. आमच्या पलटनीत मलेरियाची गोळी अशीच घेत नव्हती पोरं. मग परेड. गोळी तोंडात, पानी, आन् साहेबाला जीभ दाखवायची. उद्या मी येतो.”

दुसऱ्या दिवशी लालासाहेब मिशांना पीळ देऊन आले, दादांच्या समोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “गोळी घ्या. आन् जीभ दाखवा.”

दादांनी चष्मा वर केला. “उशिरा आलास. नाव काय?”

“लालासाहेब.”

“एकोणीसचा पाढा म्हण.”

सीमेवर छाती काढून उभा राहिलेला तो गडी ‘एकोणीस सत्ते’पाशी अडकला. दादांनी त्याला भिंतीशी उभं केलं. तो उभा राहिला. पुढे दोन दिवस लालासाहेब मागच्या दाराने येऊन “मास्तर भायेर हायत का?” असं विचारून मगच आत पाऊल टाकत.

आता विष्णुपंतांनी आपल्याला जे येत होतं ते करायचं ठरवलं. म्हणजे अर्ज. गोळी उपवासाला चालते असा सरकारी शिक्का आणला, तर दादा शिक्क्याला मान देतील, कारण शाळेतही त्यांनी इन्स्पेक्टरला मान दिला होता. आधी औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, “साहेब, असा दाखला आमच्याकडे नाही. साताऱ्याला विचारा.” विष्णुपंत एस.टी.ने साताऱ्याला गेले. तिथल्या कार्यालयातल्या खिडकीमागच्या तरुणाने अर्ज दोनदा वाचला.

“हा विषय अन्नाचा आहे की औषधाचा?”

“औषधाचा. पण त्यात मक्याचं पीठ...”

“औषध असेल तर उपवासाचा प्रश्न येत नाही. उपवासाचा प्रश्न असेल तर ते अन्न झालं. अन्नाची खिडकी ती. पण तिथे औषधाचा अर्ज घेत नाहीत.”

विष्णुपंतांनी अर्ज परत घेतला. संताप आला होता हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना त्या तरुणाचं कौतुक वाटलं. इतकं निर्दोष उत्तर त्यांना स्वतःला उभ्या नोकरीत एकदाही सुचलं नव्हतं. मग ते दोन्ही खिडक्यांच्या मधल्या बाकावर बसले, अर्जाची घडी घातली आणि परतीच्या गाडीत कराडपर्यंत उभ्याने आले.

घरी पोचले तेव्हा पद्माताई शांतपणे गवार मोडत होत्या. “घेतली हो त्यांनी गोळी.”

“आज? आज एकादशी आहे.”

“म्हणूनच. सकाळी देवापुढे ठेवली, वर तुळशीचं पान घातलं, पाणी फिरवलं. मग तीर्थ दिलं आणि म्हटलं, दादा, प्रसाद. प्रसाद कोण नाकारतो? दोन्ही हात पुढे करून घेतला, कपाळाला लावला आणि गिळला. तीर्थप्रसादाने उपवास मोडत नाही, हे तुमच्या सरकारला कशाला विचारायला हवं?”

विष्णुपंतांनी साताऱ्याचा अर्ज खिशातच राहू दिला. आपल्या बायकोला हे आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. त्यावर ‘आधी विचारलं असतं तर’ असं उत्तर आलं आणि विषय तिथे संपला.

तो संपला असता तर बरं झालं असतं. पण प्रसाद एकट्याने खायचा नसतो. चौथ्या दिवशी दादांनी तळहातावरची गोळी पाहिली, मग भोवती पाहिलं. शालूबाई बदाम घेऊन आल्या होत्या. मास्तर देवापाशी आहेत म्हणजे पाढ्यांचं भय नाही, हे ताडून लालासाहेब दारात टेकले होते. दादांनी विळी मागवली, गोळीचे चार तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर एकेक ठेवला. “घ्या. उगीच लाजू नका.”

देवाच्या हातातून आलेल्या वस्तूला नाही म्हणणं शालूबाईंच्या रक्तात नव्हतं. लालासाहेबांनी टोपी काढून आपला तुकडा घेतला. विष्णुपंत डोळ्यांनी खुणा करत राहिले, पण प्रसाद घेताना कुणी यजमानाच्या डोळ्यांकडे बघत नाही. दुसऱ्या दिवशीपासून शालूबाई वेळेवर येऊ लागल्या आणि जाऊबाईलाही घेऊन येऊ लागल्या. मास्तरांचा प्रसाद घेतल्यापासून आपले गुडघे हलके झाले, असं त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं. गर्दी वाढली तसे तुकडे लहान झाले. दादांच्या वाट्याला शेवटी भुकटी उरायची, कारण वाटणाऱ्याने मागून घ्यायचं असतं.

कराडच्या डॉक्टरांकडे तपासणीला नेलं तेव्हा दादांचा रक्तदाब ते मलकापूरला आले तेव्हा होता त्याहून वाढलेला निघाला. डॉक्टर शिंगटे तरुण होते आणि दिवसभराचे दमलेले होते. “रोज घेतायत ना?”

“रोज घेतात,” विष्णुपंत म्हणाले. मग खाली मान घालून पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

“किती माणसं म्हणालात?”

“शनिवारी जरा जास्त होती.”

“वाठारकर, हे हसण्यावारी न्यायचं नाही. ते आपली गोळी गावाला वाटतायत आणि झटका स्वतःसाठी ठेवतायत. अख्खी गोळी त्यांच्याच पोटात गेली पाहिजे. आणि दुसऱ्याची औषधं वाटून खाऊ नका म्हणावं सगळ्यांना.”

ते सगळ्यांना सांगायचं कामही विष्णुपंतांवरच आलं. शालूबाईंनी ऐकून घेतलं आणि गुडघे पुन्हा जड झाल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. लालासाहेबांना इतके दिवस काहीच झालं नव्हतं. आपण खाल्लं ते रक्तदाबाचं औषध होतं हे कळल्याबरोबर मात्र त्यांना घेरी आली आणि त्यांना धरून ओट्यावर निजवावं लागलं. “पंत, गोळीला भ्यालो न्हाई कवा. पर ही फसवून घातली,” असं ते पडल्या पडल्या म्हणाले. विष्णुपंतांनी त्यांना वारा घातला. आपल्याला कुणीतरी वारा घालावा असं त्यांना फार वाटत होतं.

मग पद्माताईंनी युक्ती काढली. दादांना गोळी, इतरांना खडीसाखर. दादांनी ताटलीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

“हा पंक्तिप्रपंच कुणी शिकवला? पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं? आमच्या घरात हे चालत नाही.”

खरंच चालत नव्हतं. वाठारकरांच्या घरात दादांच्या आईने पाहुण्याला आणि गड्याला एकाच तुपाच्या भांड्यातून वाढलं होतं आणि मुलांना तेवढी एकच शिस्त लावली होती. ती दादांच्या आत कुठे लिहिलेली होती कोण जाणे, तिथपर्यंत लकवा पोचलेला नव्हता. त्यांनी गोळी परत ताटलीत ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विष्णुपंतांना “आपण कुठल्या गावचे?” असं विचारलं आणि या खेपेला हसून सावरून घेतलं नाही.

विष्णुपंत न जेवता उठले आणि थेट डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत ते मनातल्या मनात अर्ज जुळवत होते आणि आत गेल्यावर तो तोंडीच सादर केला. “डॉक्टर, मी बाहेरच्या सगळ्यांना बंद केलं. आता पंगतीला आम्ही दोघंच. पण त्यांच्या ताटलीत जे, तेच माझ्या ताटलीत हवं. मी त्यांच्याबरोबर रोज तीच गोळी घेतली तर मला काही होईल का? झालं तरी चालेल. एवढंच विचारायला आलोय.”

डॉक्टर रक्तदाब मोजायचा पट्टा घेऊन आले. “आधी दंड पुढे करा.”

“माझं काही नाही हो. मी ठणठणीत आहे. आयुष्यात कधी...”

पट्टा फुगला, उतरला, पुन्हा फुगला. डॉक्टरांनी दुसरा दंड मागितला. मग थोडं थांबून, पाणी पाजून, पुन्हा पहिला. विष्णुपंतांना नोकरीतली खातेनिहाय चौकशी आठवली.

“तुमचा दादांपेक्षा जास्त आहे,” डॉक्टर म्हणाले.

“ही धावपळ झाली ना, त्याने...”

“उद्या येऊन दाखवा, परवा दाखवा. पण हा आजकालचा वाटत नाही. सख्खे भाऊ ना तुम्ही? सांगलीच्या डॉक्टरांनी दादांबद्दल जे सांगितलं, ते सगळं तुम्हालाही लागू आहे. झटक्याचंही आणि विसरण्याचंही. फरक एवढाच की तुमचं अजून काही गेलेलं नाही.”

विष्णुपंत उद्या गेले, परवा गेले, आकडा काही मान खाली घालेना. ज्याला गोळी द्यायला आपण नेमलेले, त्याच्याहून आपणच मोठे रोगी निघालो, हा अपमान त्यांना फार लागला. कार्यालयात लेखापरीक्षकाच्याच हिशेबात घोळ सापडावा तसं झालं. वर पद्माताईंचाही रक्तदाब पाहिला तो एखाद्या मुलीसारखा निघाला आणि हे त्यांनी नवऱ्याला पुढे आठवडाभर भाजी वाढताना ऐकवलं. त्या गोळी घेत नसल्या तरी त्यांच्यावर पंक्तिप्रपंचाचा आळ येत नव्हता, कारण वाढणारीण मागून बसते.

डॉक्टरांनी विष्णुपंतांनाही तीच गोळी लिहून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून देवापुढे दोन पाट, दोन ताटल्या, दोन तुळशीची पानं आणि दोन सारख्या गोळ्या मांडल्या जाऊ लागल्या. दादांनी दोन्ही ताटल्या न्याहाळल्या, मान हलवली आणि एक गोळी उचलून स्वतःच्या हाताने विष्णुपंतांच्या तळहातावर ठेवली. “आधी तू.” विष्णुपंतांनी घेतली. मग दादांनी घेतली. दोघांच्या गळ्यातून पाणी उतरलं. लहानपणी दादा असेच कुइनाइनचा डोस आधी आपल्याला पाजून मग स्वतः पीत असत, हे विष्णुपंतांना आठवलं आणि त्यांना एकदम रडू फुटलं. दादांनी चौकशी केली नाही. गोळी कडू असते हे त्यांना मान्य होतं.

उरलेला श्रावण असा गेला. शुक्रवार, शनिवार, एकादशी, काही फरक नाही. डॉक्टर दोघांना शेजारी शेजारी बसवून तपासत आणि दोघांचे आकडे कुरकुरत का होईना खाली उतरत. दादांची नावं मात्र परत आली नाहीत. डॉक्टरांनी तसं कबूलही केलं नव्हतं. विष्णुपंतांना ‘विष्णू’ म्हणण्याचे दिवस कमी आणि ‘अहो’ म्हणण्याचे जास्त झाले होते, पण त्याहून खाली काही घसरलं नाही, आणि तेवढ्यावर विष्णुपंतांनी समाधान मानायचं ठरवलं. ते इतके थकले होते की मोठं समाधान त्यांना झेपलंही नसतं.

वहिनी पुण्याहून सांगलीला परतल्या. विष्णुपंत दादांना सोडायला गेले, वहिनींना तुळशीच्या पानापासून ताटलीपर्यंत सगळं समजावलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. निघताना दादांनी दारात उभं राहून हात जोडले. “येत जा हो. आपलं नाव काय म्हणालात?”

रस्ताभर विष्णुपंत खिडकीबाहेर बघत राहिले. तासगाव कधी गेलं ते त्यांना कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब कुंपणावरून ओरडले. “पंत, सांगलीचा फोन हाय. वहिनीसायब हायत. लौकर या, मास्तर बिथरल्यात म्हनं.”

विष्णुपंत बनियनवरच धावले. आता झटका आला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “हे गोळीच घेईनात. देवापुढे बसलेत. दुसरा पाट कुठाय म्हणतात. कुणाचा पाट विचारलं तर नाव सांगता येत नाही. एक जण यायचा आहे, म्हणतात, तो आल्याशिवाय मी कसा घेऊ. गोळीचे दोन तुकडे करून अर्धा बाजूला काढून ठेवलाय. त्याचा वाटा म्हणे. हात लावू देत नाहीत.”

लालासाहेबांनी विष्णुपंतांच्या मागे खुर्ची सरकवली आणि स्वतः अंगणात निघून गेले.

“वहिनी, तो तुकडा राहू दे. अख्खी गोळी काढा आणि फोन त्यांच्याकडे द्या.”

तारेत खरखर झाली. मग जुना, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला. “कोण बोलतंय?”

“विष्णू.”

“कोण विष्णू?”

“तुमचा धाकटा.”

तारेत पुन्हा नुसती खरखर झाली. एवढ्यात फोन ठेवला की काय, असं वाटून विष्णुपंतांनी तो कानावर आणखी दाबला.

“घेतलीस का?”

विष्णुपंतांची गोळी घरी देवापुढे तशीच होती. “घेतो,” ते म्हणाले. “आत्ता घेतो. धरून ठेवा.” त्यांनी लालासाहेबांना हाक मारली, लालासाहेब धावत जाऊन ताटलीसकट गोळी घेऊन आले, आणि विष्णुपंतांनी ती फोनपाशी उभं राहून, पाण्याचा आवाज पलीकडे ऐकू जाईल अशी, गिळली.

“घेतली, दादा.”

“बरं,” दादा म्हणाले. “मग मी घेतो.”

तेव्हापासून रोज सकाळी, आंघोळ झाली की विष्णुपंत ताटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन लालासाहेबांकडे जातात. रोज पलीकडून तोच प्रश्न येतो, कोण बोलतंय, आणि रोज ते पहिल्यापासून सांगतात की मी विष्णू, मी तुमचा धाकटा. त्यांना याचा कंटाळा येतो का, असं पद्माताईंनी एकदा विचारलं होतं. येतो, ते म्हणाले, फार येतो. आणि चपला घालून निघाले, कारण दादा गोळी हातात घेऊन थांबले असतील.